तापतंय काय, ते आधी बघ

गाडी जोरात पळवायची हौस असलेला माणूस पहिला पैसा इंजिनवर घालतो. तीच गाडी एकदा सर्किटवर नेली की त्याचं मत बदलतं आणि तो ब्रेकविषयी बोलू लागतो. इथपर्यंत माझा मुलगा आणि माझी थोरली बहीण यांचं एकमत आहे. पुढे नाही.

मुलगा मिशिगनमध्ये असतो. त्याच्याकडे १९९९ ची माझदा मियाटा आहे. दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, जेमतेम हजार किलोच्या वरची गाडी. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या हौशी चालकांनी तिला सोडलेलं नाही. उन्हाळ्यात तो तिच्यावर दोन खेळ खेळतो. एक ऑटोक्रॉस: एखाद्या मोठ्या डांबरी पटांगणात शंकू मांडून नागमोडी रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. धाव मिनिटभराची, वेग बहुधा ताशी शंभर किलोमीटरच्या आत. दुसरा ट्रॅक-डे: साउथ हेवनजवळच्या जिंजरमॅन रेसवेसारख्या खऱ्या सर्किटवर वीस-वीस मिनिटं फेऱ्या मारायच्या. बक्षीस नाही, नंबर नाही, गाडी आणि आपण.

बहिणीची सगळी नोकरी पुण्यात ब्रेकच्या लायनर आणि पॅडच्या प्रयोगशाळेत झाली. यंदा ती त्याच्याकडे राहायला गेली आणि गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेली गाडी पाहून तिने सामानही न उघडता पुढच्या चाकात डोकं घातलं. त्यानंतर त्या दोघांचं जे बोलणं झालं ते मी फोनवर ऐकलं, मध्ये मध्ये विचारलं आणि दोघांनाही वाचून दाखवून इथे लिहिते आहे. मावशी आणि भाचा एवढीच त्यांची नावं पुरेत.

भाचा: मावशी, माझं ठरलंय. पुढे चार पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियमचे कॅलिपर आणि मोठ्या डिस्क. पूर्ण किट मिळतं, ब्रॅकेट आणि बोल्टसकट.

मावशी: का?

भाचा: ब्रेक गेले होते म्हणून.

मावशी: गेले म्हणजे? पेशंटने नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणावं तसं बोलू नकोस. पायाला काय लागलं ते सांग.

भाचा: चौथ्या फेरीत लांब सरळीच्या टोकाला पेडल दाबलं तर मऊ लागलं. खाली खाली गेलं. दोनदा पंप केल्यावर ब्रेक लागले, पण तोवर वळण निघून गेलं होतं. गाडी गवतात थांबली.

मावशी: पेडल वर, कडक राहिलं आणि गाडी थांबेना, असं नव्हतं ना?

भाचा: नाही. खालीच गेलं.

मावशी: मग पॅडनी दगा दिलेला नाही. ब्रेक ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, म्हणून तुझ्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते. तू वाफ दाबत होतास. पंप केल्यावर ब्रेक आले, कारण वाफेने खाल्लेली जागा वरून आलेल्या ऑइलने भरली. ऑइल कधी बदललं होतंस?

भाचा: दोन वर्षं झाली असतील. पण रंग स्वच्छ होता.

मावशी: रंगावर जाऊ नकोस. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ चं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. तेच पाणी प्यायलं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. आणि पाणी प्यायलं म्हणजे किती? पावणेचार टक्क्यांच्याही आत. शर्यतीसाठी बनवलेली ऑइलं ताजी असताना तीनशेच्या पुढे टिकतात. दोन बाटल्या आण, जुनं सगळं काढ, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढ. तुझ्या किटच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

इथे मला वाटलं वाद संपला. पण मुलगा गप्प बसणारा नाही, आणि त्याचा पुढचा प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो.

भाचा: ऑइल उकळलं हे मान्य. पण ते तापलं कशाने? कॅलिपर तापला म्हणून. कॅलिपर का तापला? पॅड तापलं म्हणून. पॅड का तापलं? डिस्क पुरत नाही म्हणून. तू साखळीतली शेवटची कडी बदलायला सांगतेयस, मी पहिली बदलतोय.

मावशी: बरं, मग पहिल्या कडीचा हिशेब करू. तुझ्यासकट गाडी ११५० किलो धरू. सरळीच्या टोकाला वेग १६०, वळणात शिरताना ७०. या एका ब्रेकमध्ये साधारण नऊ लाख ज्यूल उष्णता झाली. त्यातली सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर. तुझी डिस्क साडेचार किलोच्या आसपास. एका ब्रेकला ती सुमारे १४० अंशांनी चढते. आता ऑटोक्रॉस. नव्वदवरून पन्नास, म्हणजे अडीच लाख ज्यूल. मिनिटभरात संपलं, मग रांगेत उभं राहायचं, डिस्क थंड. ऑटोक्रॉससाठी तुला मोठी डिस्क अजिबात नको.

भाचा: ऑटोक्रॉससाठी नकोच. नियमातही बसत नाही. ऑटोक्रॉस भरवणाऱ्या एससीसीए क्लबच्या स्ट्रीट वर्गात पॅड आणि ऑइल बदलता येतं, पण कॅलिपर आणि डिस्क कंपनीच्याच मापाच्या लागतात. किट बसवलं तर मला वरच्या वर्गात, जास्त बदललेल्या गाड्यांबरोबर उतरावं लागेल.

मावशी: हे आधी का नाही सांगितलंस?

भाचा: कारण मला ट्रॅकची काळजी आहे. एका ब्रेकला १४० अंश, एका फेरीत असे तीन-चार मोठे ब्रेक, फेरी दोन मिनिटांची. मधल्या वेळात ती उष्णता निघून जात नाही. पाचव्या फेरीला डिस्क चारशेवरूनच सुरुवात करते. तू आयुष्यभर घाटाचे ब्रेक तपासलेस, मावशी. खंडाळा उतरणारा ट्रक सावकाश, सतत तापतो. त्याची उष्णता तयार होते तशी हवेत जाते. सर्किटवर चार सेकंदांत सगळा लोंढा येतो. तो आधी लोखंडात साठतो, वारा त्याला नंतर नेतो. म्हणून लोखंडच जास्त पाहिजे.

बहीण या वाक्यावर थोडा वेळ काही बोलली नाही. घाट आणि सर्किट यांतला हा फरक तिने मान्य केला, आणि तो मान्य करणं योग्यच होतं. घाट उतरताना लागतो तो थंड होण्याचा वेग. सर्किटवर त्याच्याइतकीच, कधी जास्त, लागते ती साठवण. ब्रेकवर बोलणाऱ्या बऱ्याच माणसांच्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात.

मावशी: साठवण लागते, हे बरोबर. पण किती वाढेल ते बघ. किटची डिस्क पंधरा टक्के जड आहे असं धरू. मग १४० चे १२० अंश झाले. चांगलंच आहे. पण तेवढ्याने तुझी पाचवी फेरी वाचत नाही, पाचवीची सहावी होते. बंपरच्या तोंडापासून तीन इंची नळी डिस्कच्या मध्यात सोड. मध्यात हं, बाहेरून नुसता वारा मारून उपयोग नाही, कारण हवा आतून बाहेर, डिस्कच्या पोटातल्या पाकळ्यांमधून फेकली जाते. आतलं पत्र्याचं झाकण त्यासाठी कापावं लागेल. मग दर फेरीची सुरुवातच खालून होईल.

भाचा: झाकण कापलं तर पावसाळी रस्त्यावरचा चिखल आत.

मावशी: चिखल परवडतो. हवा नाही आली तर काय होतं ते तू गवतात बघितलंस.

ब्रेक म्हणजे जोर, ही समजूत फार जुनी आहे आणि फार चिवट. किटच्या बाजूने मुलाने शर्यतीच्या इतिहासातला एक दाखला काढला, आणि तो नेमका बहिणीच्या बाजूने पडला.

भाचा: १९५३ च्या ल मांसमध्ये जग्वार सी-टाइप जिंकली ती कशामुळे? डिस्क ब्रेकमुळे. बाकीचे ड्रमवर होते. चोवीस तासांची सरासरी पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांच्या वर गेली. सामान बदललं म्हणून जिंकले ना?

मावशी: सामान बदललं, पण कशासाठी? ड्रममध्ये पुढचं शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढलं जातं. तेवढ्याच पायाच्या जोरात ड्रम डिस्कपेक्षा जास्त पकडतो. जोराच्या हिशेबाने ड्रम कमी नव्हताच. पण तो तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, आणि उष्णता आत कोंडून धरतो. डिस्क तापली तरी पॅडच्याच दिशेने फुगते, आणि दोन्ही बाजूंनी उघडी असते. जग्वारला मिळालं ते जास्त ब्रेक नव्हे, बाविसाव्या तासाला पहिल्या तासासारखा ब्रेक. दोन वर्षांनी मर्सिडीजने काय केलं माहीत आहे? ३०० एसएलआरला ड्रमच होते, म्हणून चालकाच्या पाठीमागे उभी राहणारी मोठी झडप बसवली. ब्रेकच्या वेळी ती उघडायची आणि वारा गाडी अडवायचा. ड्रमवरचा ताप वाचवण्यासाठी एवढा खटाटोप.

भाचा: म्हणजे दर फेरीला तोच ब्रेक. हेच तर मी मागतोय.

मावशी: मागणं बरोबर आहे. रस्ता चुकीचा आहे. एक सांग, थंड गाडीत, १६० वर, पूर्ण जोराने पेडल दाबलंस तर चाक अडकतं?

भाचा: अडकतं. एबीएस नाही या गाडीला. जास्त दाबलं की टायर किंचाळतो.

मावशी: मग जोर पुरेसा आहे. गाडी शेवटी टायर थांबवतो. टायर जेवढं धरेल त्याच्यापेक्षा जास्त ब्रेक देऊन थांबण्याचं अंतर एक फूटही कमी होत नाही. चांगले चिकट टायर घेतलेस तर थांबशील लवकर. आणि मग ब्रेक आणखी तापतील, हेही लक्षात ठेव.

टायर बदलला की ब्रेकवरचा ताण वाढतो, ही गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. पकड वाढली की चालक उशिरा आणि जोरात ब्रेक मारतो, वळणातून जास्त वेगाने निघतो, म्हणून पुढच्या सरळीच्या टोकाला वेग आणखी. वेग दहा टक्के वाढला तर उष्णता एकवीस टक्के. माझ्या मते हौशी चालकाला खर्चाच्या आधी हे गणित कळायला हवं.

पॅडवर मात्र बोलणं बराच वेळ चाललं. हा बहिणीचा प्रांत.

मावशी: तुझ्या पॅडच्या कडेला काय छापलंय? शेवटची दोन अक्षरं वाच.

भाचा: एफ एफ.

मावशी: पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५. जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. लोक दुकानात जी जी बघून खूश होतात. पण ही चाचणी पॅडच्या इंचभर तुकड्यावर, छोट्या ड्रमवर होते आणि तिचं तापलेलं टोकही साडेतीनशे अंशांच्या आतच राहतं. तुझी डिस्क त्याच्या पुढे जाते. त्या अक्षरांनी सर्किटबद्दल काहीच कळत नाही. रस्त्याच्या पॅडमधली राळ तापली की तिच्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्कच्या मध्ये तो पातळ थर धरतो. पेडल कडक, गाडी चालूच. याला फेड म्हणतात. तुझं ऑइल आधी उकळलं म्हणून तुला हा अनुभव आला नाही इतकंच. ऑइल सुधारशील तेव्हा पुढचा नंबर पॅडचा आहे.

भाचा: म्हणून मी शर्यतीचं पॅड घेणार. सहाशे-सातशे अंशांना टिकणारं.

मावशी: आणि ऑटोक्रॉसला?

भाचा: तेच.

मावशी: तिथेच चुकतोस. ते पॅड गरम झाल्याशिवाय धरत नाही. शंकूंच्या मैदानात पहिला ब्रेक थंड डिस्कवर असतो आणि शेवटचाही जवळजवळ थंडच. तुला तिथे पहिल्याच क्षणाला चावणारं पॅड पाहिजे. आणि ऑफिसला जाताना, हिवाळ्यात, पहिल्या सिग्नलला? मधलं एखादं पॅड घे. रस्त्यावर चालेल, ऑटोक्रॉसला चांगलं, सर्किटवर जरा सांभाळून.

भाचा: नाही. हे मी ऐकणार नाही. मधलं पॅड म्हणजे सर्किटवर पाच फेऱ्यांनी फेड होणारं पॅड. सांभाळून म्हणजे किती ते सरळीच्या टोकाला कसं कळणार? दोन संच ठेवतो. सर्किटवर पोचल्यावर बदलायचे, निघताना परत बदलायचे. या गाडीला चार चाकांचं काम तासाभरात होतं.

मावशी: आणि डिस्कवरचा थर? पॅड डिस्कवर स्वतःचा पातळ लेप चढवतं आणि मग त्या लेपावर घासतं. एका जातीच्या लेपावर दुसरं पॅड चढवलंस तर पकड कुठे जास्त, कुठे कमी. थरथर सुरू होईल आणि तू म्हणशील डिस्क वाकडी झाली. डिस्क क्वचितच वाकडी होते, बहुतेक वेळा लेप डागाळलेला असतो.

भाचा: माहीत आहे. दोन्ही संच एकाच कंपनीचे, एकमेकांच्या लेपावर चालतात असे घेईन. नाहीच जमलं तर दोन जोड डिस्क. साध्या, भोकं नसलेल्या डिस्क स्वस्त असतात या गाडीच्या.

मावशी: मग हरकत नाही. दोन संच चालतील.

ती इतक्या सहज कबूल झाली याचं मला नवल वाटलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, मधलं पॅड हा तिच्या नोकरीतला विचार होता. कंपनीला एकच पॅड सगळ्यांना विकायचं असतं: घाट उतरणाऱ्याला, शहरात रखडणाऱ्याला आणि कधीच पॅड न बदलणाऱ्याला. हा मुलगा स्वतः चाक काढतो, पॅड हातात घेऊन बघतो. त्याला एकच पॅड देण्याची सक्ती कशाला? माझंही मत तिकडेच झुकतं. दोन वेगळ्या खेळांना एकाच पॅडने न्याय देण्याच्या नादात दोन्हीकडे उणं पडतं. फक्त थंड पॅडची तिची काळजी मला परतीच्या रस्त्यासाठी पटते. दमलेला माणूस संध्याकाळी पॅड बदलायचं टाळतो आणि थंड शर्यती पॅडवर हायवेला लागतो. ते पॅड त्या वेळी धरत नाही.

जाळीदार स्टीलच्या नळ्या आणि भोकांच्या डिस्क यांवर दोघांचं दोन मिनिटांत एकमत झालं. नळ्यांनी पेडल घट्ट लागतं, कारण रबर फुगत नाही. थांबण्याचं अंतर तेच राहतं, पण वीस वर्षं जुनी रबरी नळी बदलायचीच असेल तर चांगल्याच घ्याव्यात. साध्या डिस्कला नंतर पाडलेली भोकं दिसायला छान, पण तापून थंड होताना चिरा तिथूनच सुरू होतात. साधी डिस्क बरी, फार तर खाचांची.

मग किटचा विषय परत आला.

भाचा: एक मुद्दा तू टाळतेयस. किटचे कॅलिपर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. आत्ताचे लोखंडी आहेत, एका बाजूला पिस्टन आणि पिनांवर सरकणारे. नवे हलके, दोन्ही बाजूंनी दाबणारे. पॅड तिरकं झिजणार नाही. पॅड मोठं, म्हणून जास्त दिवस चालेल. तू म्हणतेस तसं ऑइल आणि हवेची नळी करूनही मी एका हंगामात किती पॅड खाईन, त्याचा खर्च धर ना.

मावशी: हे खरं आहे. झिजेचा मुद्दा मी मानते. पण तू पुढचीच दोन चाकं बदलतोयस. पुढे मोठी डिस्क म्हणजे त्याच दाबात पुढे जास्त पकड. मागची तेवढीच. पुढचं चाक लवकर अडकेल आणि मागचे टायर अर्ध्या कामावर राहतील. थांबण्याचं अंतर कमी होण्याऐवजी वाढू शकतं. एवढा पैसा घालून! किटच्या पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ किती?

भाचा: बघावं लागेल.

मावशी: आधी ते बघायचं. क्षेत्रफळ वाढलं तर पेडलही लांब जाईल, कारण मास्टर सिलिंडर तेवढाच आहे. दुसरा मार्ग सांगते. माझदाने स्वतःच पुढच्या वर्षांत याच गाडीला मोठे ब्रेक दिले होते ना?

भाचा: २००१ नंतरच्या काही मॉडेलांवर. पुढे २५५ ऐवजी २७० मिलिमीटर, मागे २५१ ऐवजी २७६.

मावशी: बघ! पुढे सहा टक्के, मागे दहा टक्के. कुणीतरी बसून पुढचं-मागचं गणित केलंय, चाचण्या घेतल्यात. ते बसव.

भाचा: ते लोखंडी आणि जड. चौदा इंची चाकात मावत नाहीत, पंधरा इंची लागतील. आणि भंगारातून आणावे लागतील, मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यावर सडलेले. पिस्टनचं रबर बदला, पिना सोडवा, गंज खरवडा. त्यात माझे चार रविवार जातील.

मावशी: रविवार गेले तर जाऊ देत.

भाचा: तुझ्यासाठी सोपं आहे म्हणणं. मला तेवढे रविवार गाडी चालवायचीय.

या ठिकाणी मला दोघांचाही हट्ट दिसतो आणि दोन्ही हट्ट खरे वाटतात. बहिणीसाठी कंपनीत मोजून-तपासून आलेली वस्तू ही बाजारातल्या किटपेक्षा वरची, आणि तिने आयुष्य ज्या चाचण्यांत घालवलं त्यांवरचा तो विश्वास आहे. मुलाला हौशी माणसाचा वेळ कळतो. पण त्याच्या बोलण्यात एक गोष्ट सुटत होती, आणि ती बहिणीने पकडली. ब्रेक किती तापतात, हे त्याने अजून मोजलंच नव्हतं. चारशे, पाचशे हे सगळे आकडे अंदाजाचे.

मावशी: डिस्कच्या बाहेरच्या कडेला रंगाचे ठिपके द्यायचे. तापमान दाखवणारा रंग मिळतो, तीन बाटल्यांचा. हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, केशरी ५६० ला, लाल ६१० ला. दिवसभर चालव आणि संध्याकाळी बघ. फक्त हिरवा पांढरा झाला असेल तर तुझी डिस्क पुरते आहे, नवं ऑइल आणि पॅड एवढंच काम. केशरी गेला तर हवेची नळी. लालही गेला तर मी स्वतः म्हणेन की लोखंड वाढव. मग किट घ्यायचं की कंपनीचे मोठे, ते तेव्हा भांडू.

भाचा: आणि मोजेपर्यंत मी गवतात जात राहू?

मावशी: नव्या ऑइलने आणि पॅडने नाही जाणार. शिवाय तू ब्रेक कसा मारतोस तेही बघू. लांबून हलका हलका धरून ठेवतोस की उशिरा, पूर्ण जोरात मारून सोडतोस?

भाचा: लांबून धरतो. ते पेडल मऊ झाल्यापासून जास्तच.

मावशी: उष्णता दोन्हीकडे तेवढीच, पण लांबून धरलंस तर पॅड डिस्कला जास्त वेळ चिकटून राहतं आणि थंड व्हायला वेळ कमी मिळतो. शिवाय दर फेरीला ब्रेकची जागा बदलते, म्हणून काय बिघडलं ते तुला कधीच कळणार नाही. एक खूण धर, तिथेच मार, पूर्ण मार, सोड. शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश काढ. आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढू नकोस. तापलेलं पॅड एकाच जागी डिस्कला डाग देतं. गियरमध्ये ठेव आणि चाकाला ठोकळा लाव.

भाचा: ते करतो. बहुतेक वेळा.

मावशी: आणि एक. एखाद्या वेळी सलग वळणं घेऊन आल्यावर पहिलं पेडल लांब गेलं आणि दुसरं बरोबर लागलं, तर लगेच ऑइलला दोष देऊ नकोस. चाकाचं बेअरिंग सैल असेल तर वळणात डिस्क हलते आणि पॅडना मागे ढकलते. जॅकवर चढव, चाक वर-खाली धरून हलव. हे तपासल्याशिवाय कितीही कॅलिपर बदललेस तरी पेडल तसंच राहील.

भाचा: हे मला माहीत नव्हतं.

मुलगा त्या रात्री वहीत लिहून घेत बसला. ऑइल, पुढचे पॅड, रंगाच्या बाटल्या, बेअरिंग. स्क्रीनवरचं किटचं पान त्याने बंद केलं नव्हतं, हेही बहिणीने पाहिलं होतं. शेवटी मागच्या चाकांवर परत ठिणगी पडली.

मावशी: मागे काय घालणार आहेस?

भाचा: मागे आहेत तेच. पुढेच सगळं काम होतं.

मावशी: पुढे सत्तर होतं, शंभर नाही. पुढे जहाल पॅड आणि मागे मऊ, म्हणजे तू किटने जी चूक करणार होतास तीच आता पॅडने करतोयस. पुढचं चाक आधी अडकेल.

भाचा: आणि मागेही तेवढंच जहाल घातलं तर? वळणात शिरताना मी ब्रेक थोडा धरून ठेवतो. मागचं चाक अडकलं की गाडी गोल फिरेल. पुढचं अडकलं तर सरळ जाईन, निदान कळेल तरी.

मावशी: तेवढंच जहाल कोण म्हणतंय? त्याच घराण्यातलं, पुढच्यापेक्षा एक पायरी खालचं.

भाचा: एक पायरी का? दोन का नाही?

मावशी: कारण दोन पायऱ्यांनी मागचे टायर पुन्हा मोकळे राहतील. एकाने सुरू कर. पहिला दिवस वळणात ब्रेक धरायचा नाही, सरळ असतानाच सोडायचा. मागची बाजू काय करते ते बघ. हलली नाही तर हळूहळू धरायला लाग.

भाचा: आणि हलली तर?

मावशी: तर दोन पायऱ्या. मी भांडणार नाही.

भाचा: आणि किट?

मावशी: संध्याकाळी चाक काढ, ठिपके बघ आणि मला फोन कर. कुठला रंग गेला ते आधी सांग, मग किटचं नाव काढ.